सोळाशे मीटरची पहाट

उजाडायच्या आधी यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर किंवा कुठल्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर गेलं, की भरतीची पोरं-पोरी भेटतात. कडेला चपला आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग, आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा असलेला एकजण. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. मुलांना 1600 मीटरला पैकीच्या पैकी गुण हवे असतील, तर 5 मिनिटं 10 सेकंदांत यावं लागतं. त्यामुळे इथल्या गप्पा सेकंदांच्याच. काल पाच-चाळीस, आज पाच-छत्तीस. तेवढ्या चार सेकंदांच्या जोरावर उद्याचा चारचा गजर लागतो.

हुरूप असला की माणूस उठतो, असं आपण धरून चालतो. या रस्त्यावर मात्र तो आधी उठतो आणि हुरूप मागून येतो. हे समजायला शंभरेक वर्षं लागली, आणि त्यातला बराच प्रवास याच मुलखातून झाला.

शेजारच्या अमरावतीत 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी जे काम सुरू केलं, ते आज हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून ओळखलं जातं. मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. जोर-बैठका, मल्लखांब, लाठी यांमागचा विचार तेव्हा सरळ होता: गुलाम देशाला बलदंड तरुण हवेत. शरीर कमवायचं ते देशासाठी. त्या कष्टाने खुद्द त्या तरुणाच्या मनाचं काय होतं, हा प्रश्न मागेच राहिला.

त्याचं एक उत्तर 1930 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातच दिसलं. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, पण वऱ्हाडाला समुद्र कुठला? इथे दाराशी होतं ते जंगल, आणि राखीव जंगलातल्या गवताला सरकारी परवान्याशिवाय हात लावायची बंदी होती. वणीचे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी 10 जुलैला पुसद भागात सत्याग्रहींच्या तुकडीसह गवत कापलं आणि अटक ओढवून घेतली. गवताची ती पेंढी बाजारात काय मोलाची होती? पण निवड मोठी हुशारीची होती. विळा चालवणं इथल्या प्रत्येक हाताच्या अंगवळणी पडलेलं. नवी होती ती फक्त भीती. ओळखीच्या हालचालीला अनोळखी धाडस जोडलं, आणि तेही एकट्याने नाही, तुकडीने.

पुढे या गोष्टीकडे शिक्षणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ वळले. कुर्ट हान यांनी 1941 मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘आउटवर्ड बाउंड’ची शाळा काढण्यात पुढाकार घेतला. समुद्र, डोंगर आणि थकवा यांतून तरुणांना स्वतःच्या कुवतीचा अंदाज येतो, हा तिचा पाया. अल्बर्ट बांडुरा यांचं काम आपल्या शेतकऱ्याला जास्त पटेल, कारण ते सापाचं आहे. सापाच्या भीतीने हैराण झालेल्यांना त्यांनी पायरी-पायरीने जवळ नेलं. आधी दुरून पाहणं, मग हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हाताने. समजुतीच्या शब्दांपेक्षा स्वतः केलेल्या कृतीचा अनुभव विश्वास अधिक पक्का करतो, हे 1977 मध्ये त्यांनी सिद्धान्त म्हणून मांडलं.

वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांनी मे 2018 मध्ये त्याची सगळ्यात उंच चाचणी दिली. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच विद्यार्थी 8848 मीटरच्या एव्हरेस्टवर पोहोचले. सोबतच्या काहींना वाटेतून परतावं लागलं. या चढाईत एक गोष्ट बाहेरच्याला विचित्र वाटते. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून गिर्यारोहक वरच्या कॅम्पला जातो आणि पुन्हा खाली उतरतो, काही दिवसांनी आणखी वर, परत खाली. कमावलेली उंची सोडून देणं हाच तयारीचा भाग असतो.

भरतीच्या पोरांनाही असं उतरावं लागतं. ग्राउंड निघतं आणि लेखीत दोन गुणांनी नाव हुकतं. सकाळी धावलेले पाय दुपारी पऱ्हाटीच्या वावरात उभे असतात. जागा मोजक्या आणि अर्ज उदंड. धावण्याने पाऊस पडत नाही, कापसाला भाव मिळत नाही, कर्ज फिटत नाही. जिद्दीच्या गोष्टी सांगणारे हा हिशेब सहसा वगळतात.

तरी मैदान भरतं. आणि मोबाइल धरून उभा असलेला तो एकजण पुष्कळदा असा असतो, ज्याचं भरतीचं वय उलटून गेलेलं आहे. त्याच्या नावाची यादी आता कधीच लागणार नाही. तो चार वाजता उठतो, मुख्य रस्त्यावर येऊन सगळ्यांना फोन लावतो आणि शेवटची मुलगी रेषा ओलांडेपर्यंत बटण दाबत नाही.