किडरमिन्स्टरचे सोमवार-मंगळवार

फोन बाजूला ठेवा. श्वास संथ होऊ द्या. प्रभूपुढे घटकाभर काही न मागता बसा.

आता सतराव्या शतकातले इंग्लंडमधले किडरमिन्स्टर डोळ्यांसमोर आणा. हे विणकरांचे गाव. एक विणकर मागापाशी उभा आहे. हात चालू आहेत आणि समोर पुस्तक उघडे आहे. गावचे प्युरिटन पाळक रिचर्ड बॅक्स्टर लोकांना पुस्तके वाटत, आणि लोक ती काम करता करता वाचत. त्या माणसाकडे थोडा वेळ पाहत राहा.

प्युरिटन म्हटले की आपल्याला जाडजूड ग्रंथ आठवतात. ते अभ्यासलेच पाहिजेत. नीतिमान ठरण्याविषयी बॅक्स्टर यांचे म्हणणे दुसरे प्युरिटन जॉन ओवेन यांना मान्य नव्हते, आणि त्या वादात मी ओवेन यांच्या बाजूचा आहे. तरीही मंडळीत सेवा करणाऱ्याने आधी कोणाकडून शिकावे असे कोणी विचारले, तर मी बॅक्स्टर यांचेच नाव घेईन. त्यांच्याकडे सिद्धांत उपदेशपीठावरून उतरून माणसाच्या समोर येऊन बसतो.

त्यांच्या पॅरिशमध्ये 800 हून अधिक कुटुंबे होती. सोमवार आणि मंगळवार, सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत, ते आणि त्यांचे सहकारी मिळून आठवड्याला 15-16 कुटुंबांना भेटत. गावातली कुटुंबे बॅक्स्टर यांच्या घरी येत, बाहेरच्या वस्त्यांवर सहकारी जात. वर्षभरात सगळी पॅरिश होत असे.

इथे थांबा. तुमच्या मंडळीतली कुटुंबे एकेक करून आठवा. घाई करू नका. एखादे नाव लवकर आठवत नसेल, तर त्याच घरासाठी जास्त वेळ प्रार्थना करा.

आता त्या भेटीच्या खोलीत या. बॅक्स्टर प्रत्येकाशी शक्यतो एकट्याने बोलत, कारण चारचौघांत माणूस मन उघडत नाही. ख्रिस्ती विश्वासाची प्रश्नोत्तरी पाठ आहे का, एवढ्यावर ते थांबत नसत. अर्थ विचारत. समोरचा अडखळला, तर प्रश्न सोपा करून पुन्हा विचारत. तरीही जमले नाही, तर उत्तर प्रश्नातच घालत, म्हणजे त्याला फक्त होय किंवा नाही म्हणावे लागे. ज्याला कधी नीट शिकवलेच गेले नाही, त्याची लाज राखणारी ही रीत मला फार मोलाची वाटते. दहा वर्षे उपदेश ऐकून जे पदरात पडले नव्हते, ते अर्ध्या तासाच्या अशा बोलण्यात काहींना मिळाले, असा त्यांचा अनुभव आहे.

तुमच्याशी असे कोणी शेवटचे कधी बोलले होते? आणि तुम्ही कोणाशी?

4 डिसेंबर 1655 रोजी वुस्टरला पाळक उपवासप्रार्थनेसाठी जमले, तेव्हा बॅक्स्टर आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत. तिथे सांगायचे होते, तेच पुढच्या वर्षी पाळकांसाठीच्या ग्रंथाच्या रूपात छापले गेले. त्याचा पाया प्रेषितांची कृत्ये 20:28. त्या वचनात कळपाच्या आधी स्वतःकडे लक्ष द्यायला सांगितले आहे. हा क्रम मनात घोळवा. जे वचन रविवारी दुसऱ्यांना द्यायचे आहे, त्याने या आठवड्यात माझे काय केले? उत्तर लगेच मिळाले नाही तरी उठू नका.

हे सारे दूरचे वाटेल, पण नाते आहे. 1813 साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी पाठवले होते, आणि त्या मंडळ्यांची मुळे प्युरिटनांत होती. अहमदनगर भागातल्या आपल्या कितीतरी मंडळ्या त्याच कामातून उभ्या राहिल्या.

प्रार्थना संपवण्याआधी या आठवड्यातले एक घर ठरवा आणि निरोप आजच पाठवा. बॅक्स्टर कुटुंबांना भेटीची वेळ आधी कळवत आणि प्रश्नोत्तरीची प्रतही आधीच पोचवत, म्हणजे लोकांना तयारीला वेळ मिळे.