उतरवता येईल असा लेप

वाळूज आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींच्या शहरात इंजिनिअरिंगची काही मुलं प्रोजेक्टसाठी पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, अजूनही घरीच बनवतात. तांब्याच्या बोर्डावर इस्त्रीने छाप उमटवायचा, फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात तो हलवत राहायचं, नको असलेलं तांबं विरघळलं की थिनरने शाई पुसायची. खाली लखलखीत ट्रॅक दिसतात. पण हे तांबं जेमतेम 35 मायक्रॉन जाडीचं. पावसाळ्यात घामट बोट लागलं तरी काही दिवसांत तिथे काळपट ठसा उमटतो आणि सोल्डर नीट धरत नाही. म्हणून जाणकार मंडळी बोर्ड तयार होताच अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात फिरवतात. राळ तांब्याला हवेपासून जपते आणि सोल्डरिंगच्या वेळी फ्लक्सचं कामही करते. जोडणी झाली की बोर्ड स्वच्छ धुऊन, कनेक्टर टेपने झाकून वर ॲक्रिलिक लॅकरचे दोन विरळ फवारे मारायचे. न धुताच फवारा मारला, तर मळ आणि ओल आतच कोंडते आणि तांबं लेपाखाली गंजत राहतं.

याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याने लेपाची दुसरी बाजू दाखवली आहे. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने भित्तिचित्रं वाचवण्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेकोनी यांना बोलावलं. सुटू लागलेले गिलाव्याचे पापुद्रे पक्के करण्याचं मोलाचं काम तेव्हा झालं. पण चित्रांवर लाखेचा लेपही चढला. काळ गेला तसा तो पिवळा पडत गेला, त्यात धूळ बसली आणि मूळ रंग झाकोळले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर मोठ्या चिकाटीने उतरवावा लागला.

लेप देणाऱ्यांच्या मनात चित्रांविषयी आस्थाच होती. तरीही आस्थेला दोन प्रश्न विचारावेच लागतात. झाकण्याआधी खालचा मळ निघाला का? आणि उद्या कुणाला दुरुस्ती करायची झाली, तर हा लेप उतरेल का? ॲक्रिलिक लॅकर थिनरने निघतं. पण इपॉक्सीत बुडवलेल्या बोर्डावरचा एक पार्ट बिघडला, तरी बहुधा सगळा बोर्ड टाकून द्यावा लागतो.

एरवीच्या आयुष्यातही हेच होतं. घरातली जुनी भांडणं आपण ‘जाऊ दे’ म्हणत झाकतो आणि आतल्या आत ती चिघळतात. उभी केलेली संस्था टिकावी म्हणून तिला अशा नियमांनी जखडतो, की पुढच्या पिढीला एक खिळाही हलवता येत नाही. आज एखादी गोष्ट जपायची असेल, तर आधी ती नीट स्वच्छ करू या आणि लेप पातळच देऊ या. आपल्यामागून येणारे आपल्यापेक्षा जास्त जाणते असतील, हा विश्वास ठेवणं जपणुकीतच येतं.