फळीवरील डाग आणि आर्जव

बडोद्यातील एका जुन्या घराची माडी सागवानी फळ्यांची होती आणि देवघरही माडीवरच होते. एका कार्तिकी संध्याकाळी नव्या सुनेच्या पदराचा धक्का लागून समई कलंडली. तेल फळीवर पसरले आणि पेटले. ओले पोते टाकून आग लगेच विझविण्यात आली. कोणास इजा झाली नाही. फळीवर मात्र तळहाताएवढा काळा डाग राहिला. दुसऱ्याच दिवशी घरी पाहुणे यावयाचे होते. सासूबाईंनी तेथे एक सतरंजी अंथरली आणि सुनेला एवढेच म्हटले, "राहू दे, सूनबाई. चार माणसांत तुझे नाव निघायला नको."

त्या क्षणी ती सतरंजी म्हणजे दयेचे वस्त्र होते. परंतु पाहुणे गेले, दिवाळ्या आल्या नि गेल्या, बारा वर्षे लोटली, तरी सतरंजी उचलली गेली नाही. पुढे मुलाची बदली झाली. सर्व कुटुंबाने त्याच्याबरोबर जावयाचे ठरले आणि घर विकावयास काढले. घेणारे सद्गृहस्थ माडी पाहावयास येणार, त्याच्या आदल्या दिवशी यजमानांनी विचारले, "ही सतरंजी काढावी ना?" पत्नीने उत्तर दिले, "अहो, डाग काय, घरोघरी असतात. आपण होऊन दाखवून किंमत कशाला पाडून घ्यायची?"

सतरंजी तीच, अंथरणारे हातही तेच. मग बारा वर्षांपूर्वी जे पुण्य होते, ते आज पुण्य राहिले काय? प्रश्न लहान दिसतो. पण गृहस्थाश्रमातील पुष्कळसे सदाचार आणि पुष्कळसे दंभ ह्याच उंबरठ्यावर एकमेकांपासून वेगळे होतात.

प्रथम डागाचे स्वरूप पाहिले पाहिजे. लाकडावरील प्रत्येक डाग सारखा नसतो. कधी केवळ वरचे पॉलिश करपते आणि खालचे लाकूड शाबूत असते. तेथे बारीक काचकागदाने हलके घासून पुन्हा पॉलिश केले की काम भागते. कधी लाकूड तपकिरी होईपर्यंत भाजते; तेव्हा थोडे अधिक खरवडावे लागते. परंतु उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचली, म्हणजे लाकडाचा कोळसा होऊ लागतो. कोळसा हा लाकडावर चढलेला रंग नव्हे. ते मूळचे लाकूडच पालटलेले असते. म्हणून कोणत्याही रसायनाने तो पांढरा होत नाही. लोखंडाच्या गंजाने पडलेला काळा डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतो. कोळशावर त्याचा इलाज चालत नाही. वरून रंग दिला तर तोही टिकत नाही, कारण खालचा थर भुसभुशीत असतो आणि रंगासकट सुटून येतो. उपाय एकच : शाबूत लाकूड लागेपर्यंत कोळसा खरवडून काढणे.

यजमानांनी पत्नीच्या बोलण्यावर वाद घातला नाही. त्यांनी एका वृद्ध मिस्त्रीस बोलावले. मिस्त्रीने सतरंजी उचलली, पटाशीच्या टोकाने डाग टोकरून पाहिला आणि दोन फळ्यांमधील फटीकडे बोट दाखविले. "दादासाहेब, तेल ह्या फटीतून खाली गेले असणार. फळीचे राहू द्या, आधी तुळई बघू." डागाखालची फळी काढली, तेव्हा तुळईच्या वरच्या अंगाला वीतभर लांब आणि बोटभर खोल कोळसा झालेला आढळला. बारा वर्षे त्या जागेवरून मुले धावली होती, माणसे बसली होती, आरत्या झाल्या होत्या. कोळशाला भार पेलण्याचे बळ नसते. तुळई मोठी होती, म्हणून निभावले. सतरंजीने पाहुण्यांपासून डाग लपविला होता, तसाच घरच्यांपासून धोकाही लपविला होता.

झाकण्याचा खरा दोष येथे कळून येतो. झाकणारा समजतो की आपण दुसऱ्याचे डोळे बांधले. प्रत्यक्षात त्याचे स्वतःचेच डोळे प्रथम बांधले जातात. जे दृष्टीआड झाले त्याची चौकशी होत नाही, आणि ज्याची चौकशी नाही त्याची दुरुस्तीही नाही.

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना दंभापासून सुरू होते. श्रीशंकराचार्य दंभाचा अर्थ धर्मध्वजित्व असा करतात. म्हणजे अंगी धर्म असो वा नसो, त्याचा ध्वज मात्र मिरविणे. ह्याच्या उलट सतराव्या अध्यायात शारीर तप सांगताना शौचाच्या पाठोपाठ आर्जवाचे नाव येते. हा क्रम मननीय आहे. मराठीत 'आर्जव' म्हटले की विनवणी आठवते. परंतु संस्कृतात ऋजु म्हणजे सरळ आणि आर्जव म्हणजे सरळपणा. शौच डाग काढून टाकते. आर्जव डाग होता हे नाकारीत नाही. सरळपणा नसलेली स्वच्छता ही केवळ वरची सतरंजी होय.

मग गृहस्थाने आपल्या घरातील प्रत्येक व्यंग चव्हाट्यावर मांडावे काय? तसे शास्त्रही सांगत नाही आणि लोकव्यवहारही सांगत नाही. दुसऱ्याची चूक चार लोकांत न उघडणे हे सौजन्यच आहे. म्हणून झाकण्याचा प्रसंग आला असता तीन गोष्टी स्वतःस विचारून पाहाव्यात. हे झाकणे कोणासाठी, दुबळ्याच्या रक्षणासाठी की स्वतःच्या लाभासाठी? ज्याला जाणण्याचा अधिकार आहे, तो ह्यामुळे फसतो काय? आणि ह्या झाकण्याने दुरुस्तीची वाट बंद होते काय? पाहुण्यांना समई कोणी पाडली हे जाणण्याचा अधिकार नव्हता. घर विकत घेणाऱ्यास मात्र आपली मुले ज्यावर झोपणार ती तुळई कशी आहे, हे जाणण्याचा पूर्ण अधिकार आहे. आपल्या देशाचा इ. स. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही ५५ व्या कलमात विक्रेत्यावर हेच बंधन घालतो : जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास साधारण काळजीने पाहता कळणारा नाही, तो सांगितला पाहिजे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याला धर्म शिकविणारा तुलाधार हा एक वाणी आहे. देण्याघेण्यातील सरळपणा हे तपाहून हलके काम नव्हे, हे व्यासांनी त्या कथेत दाखविले आहे.

मिस्त्रीने कोळसा खरवडून काढला, तुळईला बगलेने नवे सागवान जोडले आणि फळीचा जळका भाग कापून तेथे जुन्याच सागाचा तुकडा, रेषेला रेष जुळवून, बसविला. काचकागद त्याने रेषांच्या दिशेनेच फिरविला, कारण आडवा फिरविल्यास ओरखडे उमटतात. शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशचे हात दिले. तरी तो तुकडा भोवतालापेक्षा निराळा दिसत होता. आणि सतरंजीखालची चौकोनी जागाही, बारा वर्षे प्रकाश न लागल्यामुळे, वेगळ्या रंगाची राहिली होती. यजमान म्हणाले, "मिस्त्री, थोडा रंग देऊन हे एकसारखे करता येणार नाही काय?" मिस्त्री म्हणाला, "येईल. पण तो रंग वेगळा पडत जाईल. नुसते उघडे ठेवा. साग उजेडात आपोआप रंग धरतो. पुन्हा सतरंजी घातलीत, तर हा तुकडा कायम परकाच राहील."

वास्तुरक्षणाचे तज्ज्ञही ह्याहून फार निराळे सांगत नाहीत. इ. स. १९६४ मध्ये व्हेनिस येथे संमत झालेल्या सनदेत असे तत्त्व आहे की प्राचीन वास्तूत घातलेला नवा भाग मुळाशी सुसंवादी असावा, पण मुळापासून ओळखूही यावा. घर प्राचीन स्मारक नसेल. तथापि दुरुस्तीने विजोड दिसू नये आणि खोटेही बोलू नये, हा विवेक दोहोंस सारखाच लागू आहे.

दुसऱ्या दिवशी घेणारे सद्गृहस्थ आले. यजमानांनी तुकडा दाखविला, खालची जोडतुळई दाखविली आणि झालेली हकीकत सांगितली. समई कोणाच्या हातून पडली एवढे मात्र सांगितले नाही. पाहुण्यांनी विचार करून किंमत थोडी कमी करावयास सांगितले. यजमानांनी ती कमी केली. सत्याचे मोल द्यावे लागते, आणि ते देण्याची तयारी नसेल तर सत्यावरील प्रेम बोलण्यापुरतेच राहते.

सुनेविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. बारा वर्षे दर सणाला सतरंजी झटकताना तिची मान खाली जात असे. जो डाग तिच्यासाठी म्हणून झाकला, तो त्या झाकण्यामुळेच तिच्या मनात ताजा राहिला होता. गीतेच्या अठराव्या अध्यायात अग्नी आणि धूर ह्यांच्या दृष्टान्ताने भगवंत सांगतात की कोणताही आरंभ सर्वथा निर्दोष नसतो. देवापुढे दिवा लावणाऱ्या हातूनच दिवा पडावयाचा. ह्यात लाज कसली? घर सोडण्यापूर्वीच्या शेवटच्या संध्याकाळी सासूबाईंनी समई सुनेच्या हाती दिली आणि ती ठेवावयास त्या नव्या तुकड्याशेजारचीच जागा दाखविली. सुनेने मान वर करून दिवा लावला.

मनुष्याच्या हातून डाग पडतातच. परमेश्वराजवळ मागावयाचे ते निष्कलंक दिसणे नव्हे. तर डाग खरवडण्याचे धैर्य आणि खरवडलेली जागा उजेडात ठेवण्याचा सरळपणा. पुढचे काम प्रकाश करतो.