अश्रू आणि चिता

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. पुढे गजानन जागीरदारांनी ती दूरदर्शनवर आणली. सांगली-मिरजेकडील पटवर्धन सरदार माधवरावांच्या पदरी होते. त्यामुळे तिकडच्या वाचकांस ही कथा घरचीच वाटते. कोणी म्हणतो, मालिकेने माधवराव-रमाबाईंना देह दिला. कोणी म्हणतो, तिने आमच्या मनातील मूर्ती हिरावून घेतल्या. परंतु थेऊरच्या चितेपाशी दोन्ही पक्षांचे डोळे सारखेच पाणावतात. आमचा प्रश्न या अश्रूंविषयीच आहे.

१७७२ साली रमाबाई सती गेल्या, हा इतिहास होय. त्यांचे अंतःकरण मात्र कादंबरीकाराने कल्पनेने उभे केले. म्हणून ती चिता वाचकांस प्रीतीची परिसीमा वाटते. साताऱ्याच्या इतिहासात आणखी एक चिता आहे. १७४९ साली छत्रपती शाहू निवर्तले, तेव्हा पेशव्यांच्या कारस्थानामुळे राणी सकवारबाईंना सती जाणे भाग पडले, असे ग्रँट डफ सांगतो. तिच्यासाठी कोण रडतो? अग्नी तर दोन्हीकडे एकच होता!

१९८७ साली राजस्थानात देवराळा येथे एक तरुण विधवा चितेवर जळाली, आणि सहस्रावधी लोक तेथे पूजेस लोटले. करुणेची भक्ती होण्यास वेळ लागत नाही, तो असा. रमाबाईंसाठी वाचकांनी अवश्य रडावे. चितेस मात्र हात जोडू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.