विहारयात्रा आणि धर्मयात्रा

जूचंद्रहून निघालेला सायकलस्वार नायगाव आणि वसई मागे टाकून तासाभरात सोपाऱ्याला पोहोचतो. कोकणपट्टीवरचे हे फार जुने बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा उजेडात आला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. दोन्ही तुकडे अपुरे आहेत, पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणच्या प्रतींवरून लागतो. पण दोन्ही लेखांत प्रवासाचा विषय यावा, हे मला विलक्षण वाटते. आठव्यात अशोक म्हणतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला आणि मौजेला जात. आपण मात्र राज्याभिषेकाला १० वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. नवव्यात तो सांगतो, की आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर आणि प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. नोकराचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांना न दुखवणे, हा त्याच्या मते खरा मंगलविधी. सुट्टीच्या पहाटे निर्मळ, भुईगाव, अर्नाळ्याच्या आतल्या रस्त्यांनी जे सायकलस्वार फिरतात, त्यांचे फिरणे विहारयात्रा आणि धर्मयात्रा यांपैकी कुठल्या यात्रेत मोडते? ते धर्मयात्रा होऊ शकते असे माझे मत आहे, पण एका अटीवर.

ती अट आठव्या लेखातच आहे. धर्मयात्रेत काय घडते याची अशोक यादी देतो: ब्राह्मण आणि श्रमणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना मदत, जनपदातल्या लोकांची भेट आणि त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे. स्थळाचा उल्लेख जेमतेम एकदा येतो, बाकी सगळी माणसे आहेत. किती कोस चाललो, कशावर बसून गेलो, काय सोसले, याबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे वाटेवर राहणाऱ्या माणसांचा प्रवाशावर काही हक्क आहे, हे ज्या प्रवासात मान्य होते ती धर्मयात्रा. जिथे ती माणसे केवळ देखाव्याचा भाग असतात तो विहार.

यावर परंपरेच्या बाजूने पहिला आक्षेप येईल तो वाहनाचा. तीर्थयात्रा पायी करावी, वाहनाने फळ घटते, असे धर्मशास्त्रकारांनी बजावले आहे. छत्री आणि पादत्राणांवरही आक्षेप घेणारे वचन आहे. महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तीर्थयात्रेचा जो विस्तृत विचार केला आहे, त्यात या मतांचा परामर्श येतो. आक्षेप पोकळ नाही. पण वाहन का नको, हे पाहिले पाहिजे. वाहन यात्रेकरूला रस्त्यापासून तोडते, त्याला उंचावर आणि आडोशाला बसवते. महाभारताच्या वनपर्वात तीर्थाचे फळ हातपाय आणि मन ताब्यात असलेल्याला मिळते असे म्हटले आहे, आणि यज्ञाचा खर्च न परवडणाऱ्या गरिबाला तीर्थयात्रा खुली आहे असेही. या दोन्ही कसोट्यांवर सायकल मोटारीच्या रांगेत बसत नाही. तिला काच नाही. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सायकलस्वार दिसतो, त्याला हाक मारता येते, त्याला ती ऐकू येते. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, तिच्याकडे मी याच नजरेने पाहतो. ती पायी वारीची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये, पण तिला यात्रा म्हणायला मला अडचण वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ऐतिहासिक मुलूख म्हणून आपण ज्यातून फिरतो तो कुणाच्या तरी कष्टांचा आणि कुणाच्या तरी पराभवाचा असतो. त्यात रम्यता शोधणे हाच विहार नव्हे का? जूचंद्रचेच घ्या. टेकडीवर चंडिकादेवी, खाली आगरी वस्ती, पलीकडे मिठागरांचा पट्टा. दुरून पाहणाऱ्याला तिथे चकाकते पाणी आणि पांढरे ढीग दिसतात. पण भरतीचे पाणी आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत घट्ट करणे, उन्हात अनवाणी उभे राहून मीठ ओढणे, पावसाने फुटलेले बांध दर वर्षी चिखलाने पुन्हा बांधणे, हे त्या देखाव्याच्या पोटात आहे. आणि वसईचा किल्ला? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो घेतला. पोर्तुगीज काळातल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांतलीच मानतात. त्याच घंटांच्या मूळ चर्चचे वारसदार आजही वसईत मराठी बोलत नांदतात, आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारल्या गेलेल्या वसईच्या गोन्सालो गार्सियाला आपला संत मानतात. एका गावाची विजयकथा शेजारच्या गावाची जखम असते. हे न कळता भग्न तटबंदीसमोर फोटो काढणे हा विहारच, त्या बाबतीत आक्षेपकाशी मी सहमत आहे. पण हे कळायचे तर तिथे थांबून कुणाशी तरी बोलावे लागते, आणि त्यासाठी सायकलसारखे साधन नाही. ती कुठेही, कुणाची वाट न अडवता उभी करता येते.

तिसरा आक्षेप ऐपतीचा. एकाची सायकल लाखाची, छंदासाठी, दुसऱ्याची शाळेसाठी. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत मुलींना सायकली दिल्या जातात, कारण सायकल नसली तर शाळा सुटते. छंदाला धर्माचे नाव देणे ही चैनीची सोय आहे, असे कुणी म्हटले तर ते मी मनाला लावून घेईन. तरी आनंद झाला म्हणून धर्म बाटत नाही. अशोकाचा लेखच शेवटी सांगतो, की धर्मयात्रेने राजाला अधिक आनंद होतो. इटलीत लेक कोमोजवळच्या गिसाल्लो घाटावरच्या मरियामातेला पोप बारावे पायस यांनी १९४९ मध्ये सायकलस्वारांची आश्रयदाती ठरवले, तेव्हा त्यांनीही या आनंदाला प्रार्थनेत जागा दिली. ऐपतीचा प्रश्न मात्र आनंदाने सुटत नाही. रस्त्यावर शाळेकडे निघालेली मुलगी भेटली, तर घंटी वाजवून तिला कडेला सारायचे की आपण वेग कमी करायचा, तिथे तो सुटतो. नोकराचाकरांशी नीट वागण्याबद्दल नववा लेख जे म्हणतो, त्याचा आजच्या रस्त्यावरचा अर्थ मला हाच दिसतो.

एक अडचण मात्र अशोकाकडूनच येते. तो लोकांना भेटतो ते उपदेश करायला, आणि तो राजा आहे. त्याच्यापुढे गावकरी किती मोकळे बोलले असतील? सायकलस्वाराने ही बाजू उलटी करावी. मिठागरात किंवा वाडीत पाऊल टाकण्याआधी परवानगी मागावी, आणि धर्म सांगायचाच असेल तर तो गावकऱ्याने सांगावा, सायकलस्वाराने ऐकावा. जूचंद्रला दिवाळीत रांगोळ्या पाहायला बाहेरून लोक येतात. जमिनीवर रंगाची पूड सोडून माणसाचा चेहरा हुबेहूब उभा करणाऱ्या कलाकारापाशी बसून ती सावली कशी धरली हे विचारणारा पाहुणा आणि फोटो घेऊन पुढे सरकणारा पाहुणा, दोघेही तितकेच किलोमीटर सायकल मारून आलेले असू शकतात.