दंड कोठपर्यंत पोहोचतो?

मुदखेडला कीर्तन आटोपल्यावर एका तरुणाने शंका काढली, "महाराज, ठाणी आहेत, पोलीस आहेत, तरी डोकी फुटतातच. मग पोलिसांचा उपयोग काय? आणि ते आहेतच, तर मग कीर्तनाचा तरी काय?"

शंका रास्त आहे. शांतिपर्वात भीष्माचार्य युधिष्ठिराला सांगतात की, आरंभी राजा नव्हता, दंडही नव्हता. माणसे धर्मानेच एकमेकांना राखीत. पुढे मोह शिरला, लोभ शिरला, तेव्हा दंडनीती करावी लागली. म्हणजे दंड हे औषध आहे. रोग असताना औषध टाकणारा शहाणा नव्हे. आणि औषधावरच पोट भरू पाहणाराही नव्हे.

आपल्याच भूमीचे उदाहरण घ्या. १९४८ साली हैदराबाद संस्थानात रझाकारांनी उच्छाद मांडला होता. १३ सप्टेंबरला भारताची फौज आत शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आपली जुनी माणसे त्याला 'पोलीस अ‍ॅक्शन'च म्हणत. दंडाने जुलूम मोडला, हे खरेच. पण पुढचेही सांगितले पाहिजे. त्यानंतर सुडाच्या भरात निरपराध मुसलमान कुटुंबे मारली गेली, लुटली गेली. पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली म्हटले, त्यांत आपले नांदेड होते. काही ठिकाणी राखणारेच लुटीत सामील झाले. आणि त्याच अहवालात हेही आहे की, कोठे कोठे हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आपला जीव देऊन वाचविले. त्यांना कोणत्या ठाण्याचा हुकूम होता?

कायदा पोलिसाला गुन्हा घडण्याआधीच अडविण्यास सांगतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ व्या कलमात ते स्पष्ट आहे. पण घडण्याआधी त्याला कळावे कसे? १५ ऑगस्ट २००७ ला महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम निघाली, तिचे मर्म हेच होते. तंटा गावानेच बसून मिटवावा, नवा उपजू देऊ नये, आणि पोलिसांनी पाठीशी राहावे.

आता माझीच चूक सांगतो. एका गावी सप्ताहात दोन सख्खे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसत. बांधाचा वाद होता. मला ठाऊक होते. भावकीच्या भांडणात बुवाने कशाला पडावे, म्हणून मी गप्प राहिलो. पेरणीच्या दिवसांत कुऱ्हाड चालली. पोलीस उशिरा आले, असे गाव म्हणाले. पण मी तर आठ दिवस आधीपासून तेथेच होतो ना! मी दोघांना समोरासमोर बसविले नाही, की पोलीस पाटलाच्या कानावरही घातले नाही. मग उशीर कोणाचा?

म्हणून त्या तरुणाला म्हटले, "बाळा, पोलीस उगारलेला हात धरतो. तो हात उगारावासाच वाटू नये, हे काम शेजाऱ्याचे, गावाचे आणि माझे. आम्ही ते टाकले, तर त्याच्या वाट्याला पंचनामाच उरतो."