कुणी न पाहिलेला प्रकाश

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर या संशोधकांना जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत एक दूरची सर्पिल दीर्घिका सापडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही बातमी आली. दीर्घिकेचे नाव त्यांनी ठेवले अलकनंदा. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनीही म्हणतात, आणि हिमालयात मंदाकिनी व अलकनंदा या भगिनी नद्या, म्हणून हे नाव.

तेजस्वी गाभा, त्याभोवती दोन रेखीव बाहू, सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांचा विस्तार. विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असताना ती अशी घडून तयार होती! त्या काळातील दीर्घिका बहुधा ओबडधोबड असतील, असाच शास्त्रज्ञांचा समज होता. तिचा प्रकाश येथवर यायला सुमारे १२०० कोटी वर्षे लागली. तो निघाला तेव्हा पृथ्वीच नव्हती, मग पाहणारे डोळे कुठले?

येथे आम्ही अडखळतो. पाहायला कुणी नसेल तर एवढे सौंदर्य वाया गेले काय? उत्पत्तीच्या पुस्तकात प्रकाश चांगला आहे असे देवाने पाहिले ते पहिल्या दिवशी. मनुष्य आला सहाव्या दिवशी. चांगुलपणा आपल्या नजरेसाठी थांबून राहिला नाही. पुनरुत्थानाच्या जागरणविधीत आपण हे दरवर्षी ऐकतो, आणि तरीही देणगी दिलेल्या बाकावर नाव कोरून घेतो. (आमचेही एक आहे, डावीकडे तिसऱ्या रांगेत.)

पण याच श्रद्धेचा आपण सोयीस्कर उपयोगही करतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणारी सून बाजारात भेटली, की आपण म्हणतो, "देव पाहतो गं सगळं." ते खरेच आहे. मात्र तेवढे बोलून आपण घरी जातो. देव पाहतो म्हणून आपण पाहू नये, असे कुठे सांगितले आहे? अलकनंदेचे मोल काही पुण्यातल्या दोघांमुळे ठरले नाही. तरी त्यांनी हजारो ठिपक्यांतून शोधत बसण्याचे कष्ट घेतले. वाटेतल्या एका दीर्घिकापुंजाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले, तिचा उजेड जवळजवळ दुप्पट झाला, म्हणून ती नीट दिसली.

सासूजवळ तासभर बसायला कुणी नाही, म्हणून त्या सुनेची रविवारची मिस्सा चुकते. तिच्या आळीत आपली दहा-बारा घरे आहेत.